धागा: व्याह्यांसाठी ब्राऊन जांबलाया करायचाय, पोर्क कुठलं घेऊ?

केतकीचं_बन | १२ जानेवारी

नमस्कार मंडळी,

मुलाचं लग्न मार्चअखेरीला आहे. सून लुइझियानाची, गोन्झालेस गावची. आम्ही ह्यूस्टनला. लग्नाच्या आदल्या दिवशी व्याह्यांकडची मंडळी आमच्या घरी जेवायला येणार आहेत, दोन्हीकडचे मिळून तीसेक जण. त्या जेवणात त्यांचा जांबलाया (मांस, कांदा आणि तांदूळ एकाच कढईत शिजवलेला तिकडचा भात) मी माझ्या हातानं करून वाढावा असं फार मनात आहे.

साखरपुड्याला त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा मुलीच्या आजोबांनी परसात केला होता. ऐंशीच्या पुढचं वय. भलीमोठी काळी बिडाची कढई, खाली गॅसचा बर्नर, हातात वल्ह्यासारखा लाकडी उलथना. तीन तास ते त्या कढईपासून हलले नाहीत. भात चांगला तपकिरी, शितं मोकळी, मांस मऊ पण गोळा न झालेलं. टोमॅटोचा मागमूस नाही. मी विचारलं, हा रंग कशाचा? त्यांनी उलथन्यानं कढईचा तळ दाखवला आणि पुन्हा परतायला लागले.

मी सीकेपी घरातली. मटण आणि कोलंबी डोळे मिटून करीन, पण पोर्क आयुष्यात शिजवलं नव्हतं. गेल्या शनिवारी पहिला प्रयत्न केला. दुकानातून लॉइन आणलं, दिसायला सुरेख, चरबी जवळजवळ नाही. नॉनस्टिक पातेल्यात परतलं. खूप पाणी सुटलं, मांस पांढुरकं झालं, ते पाणी आटेपर्यंत तुकडे चामड्यासारखे झाले. भात फिकट पिवळा. चव वाईट नव्हती, पण तो आजोबांचा जांबलाया नव्हता.

जाणकारांनी सांगा: पोर्क कुठलं घ्यायचं, किती, आणि तो रंग कसा आणायचा? बाटलीतला ब्राऊनिंग सॉस घालायचा नाहीये.

---

बायूकाठचा | १२ जानेवारी

ताई, आधी अभिनंदन! तुमची सोयरीक जुळली तीही गोन्झालेसला. १९६८ साली लुइझियानाच्या गव्हर्नरांनी, जॉन मॅकीथन यांनी, या गावाला जगाची जांबलाया राजधानी म्हणून जाहीर केलं. तिथे दरवर्षी जांबलाया शिजवायची स्पर्धा भरते. त्यामुळे तुमच्या व्याह्यांच्या घरी हा पदार्थ आपल्याकडच्या पुरणपोळीसारखा आहे. प्रत्येक घराला आपलाच बरोबर वाटतो. मी बॅटन रूजला बावीस वर्षं आहे आणि त्यातली पंधरा तरी हा पदार्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कढईशी उभं राहून शिकतोय.

तुमचं चुकलं ते मांस निवडताना. लॉइन म्हणजे डुकराच्या पाठीचा मऊ स्नायू. तो फारसा हलत नाही, म्हणून त्यात चरबी नाही आणि चिवट पडदेही नाहीत. असं मांस पटकन शिजवून लगेच खायचं असतं. जांबलायात मांसाला आधी तासभर खरपूस परतणं सोसायचं असतं, मग पाण्यात उकळणं, मग भाताबरोबर दम. लॉइन या तिन्हींत टिकत नाही.

तुम्हाला हवा तो खांदा. अमेरिकेत त्याच्या वरच्या भागाला बोस्टन बट म्हणतात. नाव फसवं आहे, मागच्या भागाशी त्याचा काही संबंध नाही. मानेच्या मागचा, खांद्याच्या पात्याचा हा भाग. अख्खा साधारण ६ ते ९ पौंडांचा मिळतो, आत पात्याचं एक चपटं हाड असतं. त्याच्या खालच्या, पायाकडच्या भागाला पिकनिक म्हणतात. तोही चालतो, पण त्यात कातडी आणि शिरा जास्त, साफ करताना अर्धा दिवस जातो. बटच घ्या.

तीस माणसांसाठी माझा हिशोब असा: तांदूळ ५ पौंड, साफ केलेलं पोर्क ८ पौंड, धुरावलेलं सॉसेज २ पौंड, कांदे ५ पौंड. इकडचे जुने लोक तांदूळ आणि कांदा वजनाला सारखा धरतात आणि मांस दीडपट ते दुप्पट. ८ पौंड हातात यायला हाडासकट साडेदहा-अकरा पौंड आणा, म्हणजे लहान आकाराचे दोन बट. हाड टाकू नका, त्याचंच पाणी काढून भातात घाला.

तुकडे दीड इंचाचे करा. कापताना मोठे वाटतील. परतल्यावर मांस एक तृतीयांश तरी आटतं, इंचाचे कापलेत तर शेवटी भातात शोधत बसावं लागेल. बटाच्या एका अंगाला चरबीचा जाड थर असतो. तो पाव इंच ठेवून बाकीचा उतरवा. उतरवलेली चरबी बारीक कापून आधी कढईत मंद आचेवर वितळवा आणि मांस त्यातच परता. बाहेरचं तेल लागणार नाही.

आणि ताई, नॉनस्टिक अजिबात नको. पुढचं सगळं तळाला चिकटण्यावर अवलंबून आहे.

---

रसायनी | १३ जानेवारी

बायूकाठचा यांनी सगळं नीट सांगितलंय. ते तसं का होतं, हे मी सांगते.

मांसात ओलावा असेपर्यंत त्याचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूवर, १०० अंश सेल्सिअसवर अडकतं. तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास ज्या क्रियेतून येतो तिला मायार क्रिया म्हणतात. तिथे अमिनो आम्लं आणि साखरा एकमेकींशी जुळतात. तिला जोर चढतो साधारण १४० अंशांच्या वर. म्हणजे पाणी पुरतं गेल्याशिवाय रंग येणार नाही. ताईंचं मांस शिजलं ते त्या सुटलेल्या पाण्यात, म्हणून पांढुरकं राहिलं.

खांद्याच्या बाबतीत मुद्दा कोलॅजेनचा. हा चिवट धागा ७० अंशांच्या आसपास हळूहळू विरघळायला लागतो आणि त्याचं जिलेटिन होतं. बटाच्या स्नायूंमध्ये तो भरपूर असतो. परतताना पाणी निघून गेलं तरी पुढच्या तासाभरात ते जिलेटिन तुकड्याला आतून ओलसर ठेवतं. लॉइनकडे हा साठाच नसतो. गेलेलं पाणी परत येत नाही.

एक गोष्ट विकत घेतानाच बघा. अमेरिकेत बरंच पोर्क मिठाच्या पाण्याची सुई टोचून विकतात. वेष्टनावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की यात पाणी, मीठ आणि फॉस्फेटचं इतके टक्के द्रावण आहे, कधी १२ टक्क्यांपर्यंत. लॉइनमध्ये हा प्रकार फार. असं मांस कढईत टाकलं की तळं साचतं. ज्यावर असं काही लिहिलेलं नाही तेच घ्या, आणि परतायच्या आधी कागदी रुमालानं तुकडे कोरडे करा.

तापमानाची काळजी असेल तर अमेरिकी कृषी खात्याचा नियम अख्ख्या तुकड्यांसाठी १४५ अंश फॅरनहाइट आणि मग ३ मिनिटं विसावा असा आहे. जांबलायातलं मांस त्याच्या फार पुढे जातं, तेव्हा निर्धास्त राहा.

---

वसईवाडीकर | १३ जानेवारी

केतकीताई, तुमचा धागा वाचून आईची आठवण आली. आम्ही वसईचे ख्रिस्ती. आमच्याकडेही लग्नाच्या आदल्या दिवशीचं जेवण पोर्कचंच. उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जायचं, आणि मागे घरी इंद्याल (पोर्कचा आंबट-तिखट रस्सा) आणि फुगे (तळलेले गोल पाव) तयार होत असायचे.

आई इंद्यालसाठी खांदाच आणायची. कसायाला एकच सांगायची, "लाल-पांढरं सारखं दिसलं पाहिजे." नुसतं लाल दाखवलं की ती परत करायची. आमच्यात व्हिनेगर आणि मसाला असतो, तुमच्या जांबलायात ते नाही, पण मांसाची पारख तीच. कापलेली बाजू बघा. गुलाबीसर लाल हवी, फिकी किंवा राखाडी नको. चरबी पांढरी आणि घट्ट हवी, बोटानं दाबली तर पिचपिचीत नको. वेष्टनाच्या तळाशी पाणी साचलं असेल तर ते पाकीट ठेवून द्या.

एक विचारायचं होतं. लुइझियानात डुक्कर मारायचा दिवस सगळं गाव मिळून करायचं असं ऐकलंय. आमच्या वाडीतही तसंच असायचं, वाटे घरोघर जायचे. खरं का?

---

बायूकाठचा | १४ जानेवारी

हो, खरं. त्याला बूशरी म्हणतात. थंडीत, फ्रीज नव्हते त्या काळी, शेजारची सगळी घरं एकत्र येऊन डुक्कर कापायची आणि त्याच दिवशी सगळं वाटायचं आणि वापरायचं. रक्त-भाताचं बूदँ नावाचं सॉसेज, कातडी आणि चरबी तळून क्रॅकलिन, डोक्याच्या मांसाचं थिजवलेलं हेडचीज, मागचे पाय धुरावून ठेवायचे. काही ठिकाणी आता सणासारखं पुन्हा करतात.

हे लोक म्हणजे केजन. त्यांचे पूर्वज फ्रेंच बोलणारे अकेडियन. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियातून ब्रिटिशांनी त्यांना १७५५ पासून हुसकावून लावलं आणि त्यातले बरेच पुढच्या काही दशकांत लुइझियानात येऊन वसले. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल (तिथल्या शहरी, मिश्र परंपरेच्या) जांबलायात टोमॅटो असतो, तो लाल. बायूंच्या (दलदलीतल्या संथ ओढ्यांच्या) आणि नदीकाठच्या पॅरिशांमध्ये (इकडे काउंटीला पॅरिश म्हणतात) तो तपकिरी. इथल्या स्वयंपाक्याला विचारलंत तर टोमॅटो घातलेल्याला तो जांबलाया म्हणणारच नाही. तुमच्या व्याह्यांसमोर ती चूक होणार नाही, कारण तुम्ही आधीच विचारलंत.

आता एक खास गोष्ट. लुइझियानातल्या दुकानांत पोर्क टेंपल नावाचं मांस मिळतं, डुकराच्या कानशिलाचं. छोटे छोटे गोळे, एकेक जेमतेम मुठीएवढा. जांबलाया करणारे अनेक जण त्यावर जीव टाकतात. सतत चावणारा स्नायू म्हणून जिलेटिन भरपूर, कितीही परता, तुकडा फुटत नाही, आणि बटापेक्षा चरबी कमी. ह्यूस्टनला मिळणं कठीण. विहीणबाईंना सांगितलंत तर येताना शीतपेटीत घेऊन येतील. तसं झालं तर ४ पौंड टेंपल आणि ४ पौंड बट असं मिसळा. नुसतं टेंपल नको, बटाची सुटणारी चरबी हवीच.

सॉसेजमध्ये आंदुई घ्या. लुइझियानाची आंदुई म्हणजे जाडसर कुटलेलं, भरपूर धुरावलेलं पोर्क. लाप्लास गाव तिचं माहेर. ते सॉसेज पोर्कबरोबर पहिल्यापासून टाकायचं नाही. पोर्क तपकिरी झाल्यावर शेवटची दहा मिनिटं. आधी टाकलं तर कोरडं पडतं आणि धुराचा वास उडून जातो.

---

म्हापसेकर | १४ जानेवारी

गोव्यात आम्ही चोरीस (आमचं पोर्कचं आंबट-तिखट सॉसेज) घालून पुलाव करतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसाच्या माळा टांगलेल्या असतात, त्यातली एक आणायची, मणी सोडवायचे, मंद आचेवर त्यांचीच चरबी सुटू द्यायची, त्यात कांदा, मग तांदूळ. पाणी तेवढं बाहेरचं. व्हिनेगर आणि लाल मिरचीमुळे चव वेगळी, रंगही तांबूस, पण तांदळानं मांसाचं सगळं पिऊन घ्यायचं ही रीत सारखीच. केतकीताईंनी सरावासाठी आधी हा केला तर मांसाची चरबी आणि पाणी यांचा अंदाज हाताला येईल.

पण जांबलायात चोरीस घालू नका. त्याचा आंबटपणा सगळं झाकून टाकतो. मी घालून बघितलंय.

---

पुणेरी_चुलाण | १५ जानेवारी

मी पुण्यात. इथे बट, टेंपल काही मिळणार नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये पोर्क मागितलं की कातडीसकट मिश्र तुकडे देतात. आंदुईही नाही. काय करू? आणि तांदूळ कुठला?

---

रसायनी | १५ जानेवारी

पुणेरी_चुलाण, आधी सांगून ठेवलंत तर दुकानदार खांदा वेगळा काढून देतात. "शोल्डर, कातडी काढून, हाड वेगळं" असं सांगा. परवानाधारक दुकानातूनच घ्या. आपल्याकडे पोर्कची भीती असते ती फीतकृमीची. अर्धकच्च्या मांसातून आतड्यातला कृमी होऊ शकतो, पण तासभर परतून, उकळून, दम दिलेल्या मांसातून तो धोका राहत नाही. मेंदूतल्या गाठींचं जे भय वाटतं, त्या होतात कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, म्हणजे माणसाच्या विष्ठेनं दूषित झालेलं पाणी, कच्च्या भाज्या, न धुतलेले हात यांतून. तेव्हा पोर्क नीट शिजवा आणि कोशिंबीर नीट धुवा.

तांदूळ: अमेरिकेत या पदार्थाला लांब दाण्याचा पारबॉइल्ड तांदूळ पुष्कळ जण वापरतात. म्हणजे साळीतच उकडून वाळवलेला. दाण्यातलं पिष्ट आधीच बसलेलं असतं, त्यामुळे ढवळताना तुटत नाही आणि चिकट होत नाही. आपल्या बाजारात सेला बासमती म्हणून मिळतो तो हाच प्रकार. कोकणातला जाडा उकडाही उकडलेलाच, पण त्याला वेळ आणि पाणी फार लागतं, मांस तोवर गळून जाईल.

---

केतकीचं_बन | २ फेब्रुवारी

दुसरा प्रयत्न झाला, १ पौंड तांदळाचा. आईकडून आलेली बिडाची कढई इथे आणली होती, ती कपाटातून काढली.

यावेळी बट. वेष्टन वाचून घेतलं, द्रावण नाही असं. तुकडे कोरडे केले. चरबी वितळवली, मांस टाकलं. पहिली दहा मिनिटं पुन्हा पाणी सुटलं आणि मला वाटलं, झालं, तेच होणार. पण मी आच कमी केली नाही आणि झाकणही घातलं नाही. मग आवाज बदलला. आधी खदखद होती, ती विरत विरत बारीक चुरचुर झाली, आणि मग तडतड. मटण परतताना तेल सुटतं तेव्हाचा आवाज. हा आवाज मला ओळखीचा आहे! तिथून पुढे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

तुकडे तळाला चिकटत होते. उलथन्यानं ओढले की खाली तांबूस खरवड राहायची. कपभर पाणी टाकलं, खरवड सुटून पाणी गडद झालं, ते आटलं, पुन्हा चुरचुर, पुन्हा खरवड. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा मांस काळपट तांबडं दिसायला लागलं. आजोबांनी तळ दाखवला होता तो ह्यासाठी.

मग कांदा. कांद्यानं राहिलेली सगळी खरवड ओढून घेतली. पंधरा-वीस मिनिटांत तो पार विरघळला.

रंग जवळ आला. पण भाताचा तळ लागला आणि वरचे दाणे टणक राहिले. आणि खाताना ओठांवर तेल फार जाणवत होतं. बायूकाठचा, ते कसं टाळू?

---

बायूकाठचा | २ फेब्रुवारी

ताई, खदखदीची चुरचुर होते ते तुम्ही कानानं ओळखलंत, म्हणजे अवघड भाग झाला. मला ते कळायला दोन वर्षं लागली होती.

तेलाचं: कांदा झाल्यावर ढोबळी मिरची, सेलरी, लसूण घाला, दहा मिनिटं परता, मग सॉसेज, मग पाणी. एक उकळी आणा आणि आच मंद करून अर्धा तास तसंच ठेवा. मांस निम्मं मऊ होईल आणि सगळी चरबी वर येईल. तो तवंग पळीनं काढून टाका. थोडा राहू द्या, दाणे मोकळे राहायला लागतो.

मीठ याच टप्प्याला. पाणी चाखलंत तर नेहमीच्या आमटीपेक्षा अंमळ खारट लागलं पाहिजे. तांदूळ पडल्यावर ते बरोबर होतं. सॉसेज आधीच खारट असतं, म्हणून ते पाण्यात पाच मिनिटं उकळल्यावरच मीठ घाला. काळी मिरी सढळ, लाल तिखट बेतानं. तुमचा गरम मसाला, धने-जिरे काही नको.

पाणी: ५ पौंड तांदूळ म्हणजे सुमारे १२ अमेरिकन कप. त्याला २२ कप पाणी पुरे. अर्धा तास उकळताना आटणारं पाणी वेगळं धरा, तांदूळ टाकायच्या आधी मोजून पुन्हा २२ वर आणा. लाकडी उलथन्यावर खूण करून ठेवली की मोजायला सोपं.

तांदूळ टाकल्यावर मोठ्या आचेवर उकळी येऊ द्या आणि तळ खरवडत राहा. सगळ्यांचं इथेच चुकतं. पाच-सात मिनिटांत दाणे फुगून वर दिसायला लागतात, पाणी त्यांच्या पातळीला येतं. तेव्हा आच अगदी बारीक, झाकण घट्ट, आणि २५ मिनिटं उघडायचं नाही. वाफ गेली की वरचे दाणे टणक राहतात, तुमचं तेच झालं असावं. नंतर झाकण काढून एकदाच भात उलथायचा. ढवळायचा नाही, खालचा वर आणायचा. पुन्हा झाकण, आच बंद, आणखी पंधरा मिनिटं वाफ जिरू द्या.

५ पौंडांना कढई ५ गॅलनची हवी, म्हणजे साधारण १९ लिटरची. घरातल्या शेगडीवर ती तापणार नाही. परसात प्रोपेन गॅसचा बर्नर लावा. शेगडीवरच करायचं असेल तर पोर्क तीन खेपांत परता. एकदम ८ पौंड टाकलंत तर पुन्हा तळं साचेल.

---

सावली_उन्हाची | ३ फेब्रुवारी

एक व्यावहारिक प्रश्न. तुमच्याकडच्या पाहुण्यांत पोर्क न खाणारे असतील ना? त्यांचं काय?

---

केतकीचं_बन | ३ फेब्रुवारी

आहेत, माझे धाकटे दीर आणि नणंद. त्यांच्यासाठी कोंबडीचा वेगळा करणार. कढई वेगळी, उलथना वेगळा, वाढायचे डावही वेगळे. त्यांना शंका राहायला नको.

---

बायूकाठचा | ३ फेब्रुवारी

हे फार चांगलं. गोन्झालेसच्या स्पर्धेतही कोंबडीचाच असतो, तेव्हा तो काही कमी प्रतीचा नव्हे. मांड्याच घ्या, हाडासकट, छातीचं मांस नको. परतायची रीत तीच, वेळ निम्मा. त्यात आंदुई घालू नका, ती पोर्कची आहे. दुकानात टर्कीचं धुरावलेलं सॉसेज मिळतं, पण त्याचं आवरण काही वेळा पोर्कचं असतं, वेष्टन वाचून घ्या.

जोडीला पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची दाटसर उसळ करा. इकडे जांबलायाशेजारी ती असतेच. शाकाहारी पाहुणे असतील तर तीच मांसाशिवाय शिजवा, साध्या भाताबरोबर पोटभर जेवण होतं.

---

वसईवाडीकर | १८ फेब्रुवारी

काल मी पण करून पाहिला, वसईतल्या खांद्याचा, सेला तांदळात. आंदुई नव्हती म्हणून धुरावलेलं बेकन थोडं घातलं. आईला वाढला. तिनं पहिला घास घेऊन विचारलं, "यात मसाला कुठला?" मी म्हटलं, मीठ आणि मिरी. तिला पटेना. तिनं कढई बघायला मागवली.

---

केतकीचं_बन | ३० मार्च

लग्न काल झालं. परवाचं आधी सांगते.

विहीणबाई शीतपेटीत ४ पौंड टेंपल घेऊन आल्या, सकाळी सातलाच. मी कढई तापवत होते. त्या काही न बोलता शेजारी कांदे चिरायला बसल्या. ५ पौंड कांदे आम्ही दोघींनी मिळून चिरले. त्यांना मराठी येत नाही, माझं इंग्रजी कांद्यापुरतं पुरलं.

पोर्क परतायला सव्वा तास लागला, चार वेळा पाणी टाकून. टेंपलचे तुकडे खरंच शेवटपर्यंत अख्खे राहिले, आणि बटाचे बाहेरून कडक, आत मऊ. तवंग दोन वाट्या निघाला. तांदूळ टाकून झाकण घातलं तेव्हा माझे हात थरथरत होते.

आजोबा अकराला आले. खुर्ची कढईजवळ ओढून घेतली. झाकण उघडायच्या वेळी त्यांनी माझ्या हातातला उलथना घेतला, कडेनं एकदा भात वर आणला, आणि तळाला नीट बघितलं. तळ लागला नव्हता, पण पातळ तांबूस पापुद्रा धरला होता. तो त्यांनी उलथन्यानं उचलून बशीत घेतला आणि तिथेच उभ्यानं खाल्ला. मग दुसरी बशी मागितली, भाताची.

दिरांनी कोंबडीचा दोनदा घेतला. नणंदेनं उसळीची कृती विचारली.

आजोबांनी निघताना एवढंच विचारलं की मे महिन्यात येणार का. त्यांच्या गावचा जांबलाया महोत्सव मेच्या अखेरीला असतो. त्यांना माझा कोलंबीभात खायचाय, पण त्यांच्या कढईत केलेला.

बायूकाठचा, रसायनी, वसईवाडीकर, म्हापसेकर, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

---

बायूकाठचा | ३० मार्च

ताई, डोळ्यांत पाणी आलं. गोन्झालेस माझ्याकडून अर्ध्या तासावर आहे. मे मध्ये याल तेव्हा कळवा. कोलंबी मी आणतो, इथल्या बोटींवरून ताजी मिळते. नारळ मात्र तुम्हाला आणावा लागेल, इकडचे फार खवट निघतात.